खुलासा : वनस्पतींच्या अर्काने कोकेनचं व्यसन सुटतं का?

‘वनस्पतींतले पॉलिफेनॉल घ्या, आतड्यातले जिवाणू सुधारतील आणि कोकेनचं, मेथचं व्यसन आपोआप सुटेल’ असा मेसेज फिरतोय. हे खरं नाही. (पॉलिफेनॉल म्हणजे हळद, चहा, फळं यांत असणारी नैसर्गिक द्रव्यं; मेथ म्हणजे मेथॅम्फेटामिन हे उत्तेजक अमली द्रव्य.)

याचं मूळ उंदरांवरच्या प्रयोगांत आहे. २०१६ सालच्या एका अभ्यासात उंदरांच्या पिण्याच्या पाण्यात अँटिबायोटिक्स मिसळून आतड्यातले जिवाणू कमी केले. मग कोकेनचा डोस थोडा असूनही, ते जिथे मिळालं होतं त्याच कप्प्यात हे उंदीर जास्त घुटमळू लागले. जिवाणू तयार करतात ती मेदाम्लं बाहेरून दिल्यावर ही ओढ ओसरली. प्रयोग फार सुंदर आहे, पण त्यात वनस्पतीचा अर्क नव्हता आणि माणूसही नव्हता.

कोकेन किंवा मेथच्या व्यसनावर अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने) मान्य केलेलं एकही औषध नाही. सर्वांत भक्कम पुरावा आहे तो एका वर्तनोपचाराचा : लघवीच्या तपासणीत नशा आढळली नाही की लगेच छोटं बक्षीस.

मला धास्ती वाटते ती चालू उपचार सोडून कुणी कॅप्सूलवर विसंबेल याची. कर्क्युमिन या हळदीतल्या पॉलिफेनॉलच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. घेत असाल तर डॉक्टरांना जरूर सांगा.