‘ब्रोशर’वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया रात्रीच वाचली होती, पण तेव्हा लिहायला बसलो असतो तर काहीतरी भलतंच लिहून गेलो असतो म्हणून सकाळपर्यंत थांबलो. आयर्लंडच्या खेड्यातल्या लग्नांवरचा माझा लेख तुम्हाला ‘टूरिझमचं ब्रोशर’ वाटला, जमिनीचा आणि हुंड्याचा सौदा मी ‘सोयीस्करपणे’ गाळला आणि चॉक संडेही चुकवला, असं तुमचं म्हणणं.

चॉक संडे चुकला, मान्य. तो लेंटच्या आधी नाही, लेंटमधला पहिला रविवार. ईस्टरआधीच्या त्या उपासाच्या दिवसांत लग्नं लागत नसत, त्यामुळे श्रोव्ह ट्यूजडेपर्यंत (लेंट सुरू व्हायच्या आदल्या दिवसापर्यंत) ज्यांचं जमलं नाही त्यांच्या कोटावर पोरं त्या रविवारी मागून गुपचूप खडूने रेघा ओढायची. लेखात दुरुस्त केलंय.

आता ब्रोशर. अहो, ब्रोशरमध्ये लिस्डूनवार्ना गावचा सप्टेंबरमधला मॅचमेकिंग फेस्टिव्हल, म्हणजे लग्नं जुळवायचा उत्सव असतो, ज्यावर मी जेमतेम एक ओळ लिहिली! पेंढ्याचे मुखवटे घालून बिनबोलावता लग्नघरात घुसणारे आणि नवरीला नाचवणारे स्ट्रॉबॉईज, कॉर्क-केरीकडे बिनलग्नाच्या बायापुरुषांच्या जोड्या लावून टवाळीची गाणी करायची ती स्केलिग लिस्ट, हे कुठल्या ब्रोशरात वाचलंत तेवढं सांगा. लेख नीट वाचला तरी होतात का, हाच प्रश्न पडतो.

मी सहा वर्षं आयर्लंडच्या क्लेअर परगण्यात राहिलोय. शेजारच्या आजींनी नातीच्या लग्नाच्या आदल्या रात्री पाऊस पडू नये म्हणून ‘चाइल्ड ऑफ प्राग’चा, म्हणजे बाळ येशूचा पुतळा कुंपणाच्या झुडपाखाली ठेवला तेव्हा टॉर्च मी धरला होता (पाऊस पडलाच, तो भाग वेगळा). त्याच आजींच्या आईचं लग्न ठरवताना तिच्या वडिलांनी आधी मुलाकडचं शेत पायी फिरून बघितलं, गाई मोजल्या, मग मान डोलावली. आईने नवरा नीट पाहिला तो थेट चर्चमध्ये. आणि तरी संसार झाला. हे असलं घरात बसून ऐकलेलं असतं हो, गूगलवर नाही मिळत.

सौद्याचं म्हणाल तर त्यात नवीन काय? हुंड्याला आयरिशमध्ये ‘स्प्रे’ म्हणतात, अ‍ॅरन्सबर्ग आणि किम्बल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात क्लेअरमध्येच राहून ते सगळं लिहून ठेवलंय, मी परत कशाला दळू. एका लेखात किती कोंबायचं?

आणि ‘तुमच्यासारख्या एनआरआयना तिकडचं सगळं गोडच लागतं’ हे वाक्य नसतं लिहिलंत तर मी एवढं टाईपही केलं नसतं.