तर्रीवर खापर फोडणारा मेसेज

नागपुरात पालकांच्या ग्रुपवर सध्या फिरतोय तो मेसेज थोडक्यात असा: "मुलाचं पोट वारंवार दुखतं म्हणजे तर्री-सावजीने अल्सर झालाय. एच. पायलोरीची ब्लड टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली की मेडिकलमधून सात दिवसांचं किट आणा, रोज थंड दूध पाजा."

तर्री आधी सोडवू. तिखटाने पोटात आग पडते, असलेला अल्सर ठणकतो, पण तिखटाने अल्सर होत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या डॉक्टरांनी खरा गुन्हेगार पकडला, तो म्हणजे मेसेजमधला एच. पायलोरी, जठरात राहणारा जंतू. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. दुसरं मोठं कारण आयब्युप्रोफेनसारखी औषधं. तापासाठी घरोघरी सर्रास देतात, त्यावर मेसेजमध्ये अवाक्षर नाही.

पण जंतू आहे म्हणजे अल्सर आहे, असंही नाही. तो बहुतेकदा लहानपणीच, घरातल्याच कुणाकडून येतो आणि बहुतेकांच्या पोटात जन्मभर गुपचूप राहतो. मुलांमध्ये अल्सर विरळाच. शाळेच्या वेळेला बेंबीभोवती दुखणाऱ्या पोटामागे तो क्वचितच निघतो. उलटीत रक्त, डांबरासारखी काळी शी, झोपेतून उठवणारं दुखणं, घटणारं वजन यांपैकी काही दिसलं तर मात्र थेट बालरोगतज्ज्ञ गाठा. (आयर्नचं औषध चालू असेल तरी शी काळी होते, घाबरू नका.)

ब्लड टेस्ट अँटिबॉडी, म्हणजे जंतूशी लढायला शरीराने बनवलेली प्रथिनं, मोजते. जंतू गेल्यावरही त्या कित्येक महिने रक्तात राहतात, म्हणून मुलांच्या निदानासाठी ती धरतच नाहीत. दुर्बिणीने जठर बघून तुकडा तपासतात.

दूध घटकाभर बरं वाटवतं, मग आम्ल वाढवतं. प्यायला हरकत नाही, औषध म्हणून नको.

खरा राग येतो तो किटचा. त्यातल्या गोळ्या मोठ्यांच्या मापाच्या. मुलाचा डोस वजनावर ठरतो आणि कोर्स सहसा १४ दिवसांचा असतो. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतू वाढलेत, त्यात अर्धवट कोर्स म्हणजे उरलेल्यांना तालीमच. आणि कोर्स संपला की विषयही संपत नाही: अँटिबायोटिक थांबल्यावर किमान चार आठवड्यांनी शी किंवा श्वासाची तपासणी करून जंतू खरंच गेला का ते बघावं लागतं. मेसेजवाल्याने ही पायरी गाळलीच आहे.