पेटी त्याच रात्री भरली होती

गोकुळपेठ बाजाराच्या कोपऱ्यावर, तर्रीपोह्याच्या गाडीपाशी सकाळी सातला आमचा कट्टा भरतो. २०२५ चा जून अर्धा झाला तरी पावसाचा पत्ता नाही. पोहेवाल्या भाऊंचा फौजेतला पोरगा मे महिन्यात साखरपुड्यासाठी सुट्टीवर आला होता. चौथ्या दिवशी बोलावणं आलं, गेला. १० मेला पाकिस्तानशी शस्त्रसंधी झाली, पण तो अजून तिकडेच आहे.

"गोळीबार बंद झाला ना भाऊ? मंग येते ना पोरगा, टेन्शन कायले घेता?" बंटीनं पोह्यांवर शेव मागत विषय काढला. "माह्यं तर म्हणनं हाये, थांबलेच कायले? लाहोरपर्यंत जाले पायजे होतं!"

"तू पचमढीहून दुसऱ्या दिवशी परत आलता बे," मास्तर म्हणाले, "मायच्या हातचं पायजे म्हणून."

"पोट बिघडलं होतं माह्यं! आन् एकाहत्तरचं पाहा ना, तेरा दिवसात खलास! त्र्याण्णव हजार कैदी!"

सुभेदार काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला.

"तेरा दिवस तुह्यासाठी. १७ डिसेंबरले रात्री आठ वाजता तोफा बंद झाल्या, तवा मी पाकिस्तानातल्या शक्करगडकडे गव्हाच्या वावरात होतो. त्याच रात्री पेटी भरली. मंग वर्षभर ते पेटी उघडाची आन् लावाची. घेतलेली जमीन सोडून जाता कुठं? सिमला कराराची सही २ जुलैले झाली, काश्मिरातली रेघ पक्की व्हाले डिसेंबर उजाडला. तवा कुठं मागं फिरलो."

"सुट्टी नव्हती?"

"पाळीनं होती. पयले लग्नवाले, मंग ज्याच्या घरी कोनी गेलं ते. माही पाळी दोनदा हुकली. बहिणीचं लग्न वैशाखात लागलं, पत्रिका छप्पन एपीओच्या, म्हंजे फौजी डाकघराच्या, पत्त्यावर फिरत फिरत मले आषाढात भेटली. लढाईत दिवसभर हाताले काम असते बेटा. मंग उरते ते फक्त डाकेची गाडी."

काकांचं मला शंभर टक्के पटतं. तोफा थांबल्या की आपण पेपरची घडी घालतो. भाऊंचा मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शेवेच्या डब्याला टेकवलेला असतो. तो वाजला की ते झारा सोडून आधी हात पुसतात, मग नाव बघतात. आज सकाळपासून तीनदा पुसले. तिन्ही वेळा दुसराच कोणी.

"आन् तुह्ये ते त्र्याण्णव हजार," मास्तर म्हणाले, "त्यातले शेवटचे १९७४ च्या एप्रिलात घरी गेले. तिकडच्या माया बी वाटच पाहत होत्या."

"आता तुमी त्यायची बाजू घेता?" बंटी उसळला. तिथून गाडी गणपतीच्या वर्गणीवर गेली, अकराशे लिहून पाचशे कोणी दिले तिथवर. दहा मिनिटं तेच चाललं.

भाऊंनीच मध्ये विचारलं, "काका, पेटीत होतं काय?"

"बहिणीसाठी शाल. कॅन्टीनवाल्याकडून मागवली होती. वर्षभरात कसर लागली. तशीच नेऊन देली. तिनं दारातच उजेडाले धरली, भोकं मोजली आन् म्हणते, दादा, बारा हायेत. महिन्याले एक."

पहिले हसले काका, मग भाऊ. बंटीला तर ठसकाच लागला, पोहे थेट मास्तरांच्या पांढऱ्या शर्टावर. आता त्या शर्टाच्या धुलाईचं भांडण सुरू झालं आहे.