यात धाडस कुठे आहे म्हणे!

आज भाचीची वही हातात आली आणि डोकंच फिरलं. 'धाडसाची गोष्ट लिहा' असा गृहपाठ होता. तिने लिहिलं, वर्गात नवीन मुलगी आली, मधल्या सुट्टीत तिच्याजवळ कुणी बसेना, मग मी डबा घेऊन उठले आणि तिच्याशेजारी जाऊन बसले. खाली लाल पेनाने शेरा: 'यात धाडस कुठे आहे? पुन्हा लिही.'

कुठे आहे? तिसऱ्याच ओळीत आहे. 'माझ्या मैत्रिणी माझ्याकडे बघत होत्या आणि माझ्या पोटात दुखत होतं.' पोटात दुखत असताना पोरगी उठली! आपण मोठी माणसं एकट्या पडलेल्या सहकाऱ्याच्या बाजूने दोन शब्द बोलायची वेळ आली की मोबाईलमध्ये डोकं घालतो.

मुलांच्या गोष्टींत शूर व्हायचं तर वाघ हवा, तलवार हवी, नाहीतर पूर तरी. मुलांना त्या आवडतात, मान्य. मलाही आवडायच्या. पण किती पोरांच्या वाट्याला वाघ येतो? 'मला हे येत नाही' असं भर वर्गात म्हणायची, सगळे कुणाला चिडवत असताना त्यात सामील न व्हायची, अंधाराची भीती वाटते हे आईला सांगायची वेळ मात्र रोज येते. त्याच्या गोष्टी कुणी सांगायच्या?

नागड्या राजाची गोष्ट घ्या. १३३५ सालच्या एका स्पॅनिश पुस्तकात ती आहे. तिथे राजाला खरं सांगतो तो त्याचा घोडा सांभाळणारा नोकर, कारण त्याच्याकडे गमवायला काहीच नसतं. १८३७मध्ये डॅनिश लेखक हान्स अँडरसनने ती आपल्या पद्धतीने लिहिली, तेव्हा त्याच्या हस्तलिखितातही लहान मूल नव्हतं. मजकूर छपाईला गेल्यावर त्याने शेवट बदलला आणि गर्दीतून एक पोर बोललं, 'राजाच्या अंगावर तर काहीच नाही!' आज सगळ्या जगाला आठवतं ते पोरच. ना वाघ, ना तलवार. सगळे गप्प असताना एक वाक्य.

बाईंसमोर वह्यांचा ढीग असतो, कळतं मला. तरी तिसरी ओळ वाचायला कितीसा वेळ लागतो?

पुढच्या पानावर भाचीने जंगल, वाघ आणि भाला लिहिलाय. त्याला 'छान' मिळालंय. पहिल्या गोष्टीवर तिने स्वतःच पेन्सिलने काट मारलीये, इतकी दाबून की मागच्या पानावर उमटलीये. ते बघून रागच गेला माझा, नुसतं वाईट वाटत राहिलं. ती नवीन मुलगी आता कुठे बसते, असं विचारलं तर म्हणाली, "माझ्याच बाकावर. मावशी, ती खूप बोलते गं!"

सोमवारी ताईबरोबर मीही शाळेत जाणार आहे. भांडायचं नाही असं ताईने बजावलंय. नाही भांडणार. पण ती पहिली गोष्ट बाईंना पुन्हा वाचायला लावणार आणि तो शेरा बदलून घेतल्याशिवाय उठणार नाही.