हात वर करायची सोय नाही

माझ्या कपाटात शर्ट दोनच रंगांचे, पांढरे आणि गडद निळे. आवड वगैरे काही नाही हो, माझ्या काखेनं तेवढ्याच रंगांना परवानगी दिलीय. बायकोनं एकदा हौसेनं राखाडी शर्ट आणला, तो डोंबिवलीला गाडीत चढताना राखाडी होता आणि दादरला उतरलो तेव्हा दोन्ही बाजूंना टीचभर काळा. त्यात लोकलमध्ये उभं राहायचं तर वरची कडी धरावीच लागते, म्हणजे जे झाकायचं तेच नेमकं शेजारच्याच्या नाकासमोर. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता साठत जातो. काखेत कळसा म्हणतात ना, तो माझ्याकडे खरोखर आहे, फक्त गळका आहे.

पण लोकलचं काय, तिथे सगळेच भिजलेले. खरी इज्जत गेली ती गेल्या मे महिन्यात चुलतभावाच्या लग्नात. गुरुजी म्हणाले अंतरपाट धरायला कोणीतरी उंच माणूस या. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मोतिया रंगाच्या सिल्कच्या कुर्त्यात, कोपरं बरगड्यांना चिकटवून उभा होतो सकाळपासून, ती सोडवली आणि हात वर केले. नेहमीची मंगलाष्टकं झाली, म्हटलं आता सुटलो, तर आत्यानं पर्समधून घडी घातलेला कागद काढला. स्वतः रचलेली! त्यात घरातल्या सगळ्यांची नावं, अगदी वारलेल्यांचीसुद्धा, आणि प्रत्येक कडव्याला माझ्या कुर्त्यावरचा चंद्र कलेकलेनं वाढतोय, व्हिडिओवाला समोरच, आणि मागून कोणीतरी काका म्हणाले, "अरे नवऱ्यापेक्षा यालाच टेन्शन आलंय, पाणी द्या त्याला."

त्यानंतर मी पेटलोच. लिंबू चोळलं, तेही दाढीच्या रेझरनं काख साफ केल्या केल्या, काय नाचलो म्हणून सांगू. खायचा सोडा लावला, तीन दिवस पुरळ. सलूनवाल्याकडून तुरटीचा खडा आणला, तो ओला करून फिरवायचा, त्याचा मात्र थोडा गुण आला. डिओचा तर अर्धा डबा मारायचो रोज, पण डिओ वासासाठी असतो, घाम थांबवणं त्याचं कामच नाही, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं!

सांगितलं स्किनच्या डॉक्टर मॅडमनी. आधी थायरॉइड आणि शुगर तपासायला लावली, दोन्ही नॉर्मल. मग म्हणाल्या, घामाला स्वतःचा असा फारसा वास नसतो, कातडीवरचे बॅक्टेरिया तो करतात, आणि घाम कमी करायला अँटिपर्स्पिरंट लागतं. त्यातला अॅल्युमिनियमचा क्षार घामाच्या नळ्यांची तोंडं तात्पुरती बुजवतो. तुरटीतपण अॅल्युमिनियमच असतं म्हणे, म्हणजे सलूनवाला निम्मा डॉक्टर. "पण लावता कधी?" मी म्हटलं सकाळी, अंघोळ करून, ८:१४ च्या फास्टसाठी पळताना. मॅडमनी कपाळाला हातच लावला. ते रात्री लावायचं, झोपताना घाम कमी येतो म्हणून, आणि काख कोरडी ठणठणीत पाहिजे, सकाळी अंघोळ केली तरी बिघडत नाही. नाहीच जमलं तर बोटॉक्सची इंजेक्शनं आहेत, काही महिने टिकतात. काखेत सुया ऐकून मी खुर्चीतच भिजलो.

तर आता रोज रात्री मी टेबलफॅनसमोर दोन्ही हात वर करून दहा मिनिटं उभा असतो. पहिल्या दिवशी लेकीनं दारातून बघितलं आणि विचारलं, "बाबा, पोलीस आलेत का?"

दोनेक आठवड्यांनी फरक पडला, खोटं कशाला बोलू. चंद्र आहे अजून, पण पौर्णिमेवरून चतुर्थीवर आलाय. फक्त पांढऱ्या शर्टांना काखेत पिवळे डाग पडायला लागले, त्या अॅल्युमिनियमचा आणि घामाचा काहीतरी संसार जमतो आणि तो कपड्यावर उमटतो, धुऊनसुद्धा जात नाही. म्हणजे कपाटात आता निळाच रंग उरला.

परवा आत्याचा फोन. डिसेंबरात चुलतबहिणीचं लग्न आहे. "अंतरपाट तूच धर हं, छान धरतोस. आणि ऐक, या वेळी अकरा कडवी केलीत, तुझ्यावर एक आख्खं आहे."