खरं सोनं गप्प का बसतं?

‘ज्याचं सोनं खरं, तो स्वतःहून हॉलमार्क करून घेईल. जो घेणार नाही, तो आपोआप उघडा पडेल. खर्च किरकोळ आहे, गिऱ्हाईक शिक्का मागेलच. मग सक्ती कशाला?’ सोन्याच्या भावाची चर्चा निघाली की हा मजकूर हमखास फिरतो.

तर्क पोकळ नाही. ग्रॉसमन आणि मिलग्रोम या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१मध्ये, वेगवेगळे, तोच मांडला होता. सर्वांत चोख माल असलेला पुरावा दाखवतो, मग उरलेल्यांतला उजवा दाखवतो. असं करत शेवटी जो गप्प, तो हिणकस ठरतो. मात्र याला अटी आहेत, आणि आपल्या सराफकट्ट्यावर त्या नव्हत्या.

‘उघडा पडेल.’ कुणापुढे? दागिन्यावर हॉलमार्कचा, म्हणजे शुद्धतेचा शिक्का नाही म्हणजे सोन्यात खोट आहे, की आसपास तपासणी केंद्रच नाही? गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? भारतात सोन्याचा हॉलमार्क २०००पासून आहे, पण ऐच्छिक. जून २०२१मध्ये सक्ती आली तीही केंद्र असलेल्या २५६ जिल्ह्यांपुरती. बाकी ठिकाणी प्रामाणिक सराफालाही शिक्का मिळवणं जिकिरीचं होतं, आणि त्याच्याच आडोशाला १८ कॅरेट २२ म्हणून खपवणारा निवांत बसू शकत होता. रोनाल्ड डाय यांनी १९८५मध्ये नेमकी हीच फट दाखवली: पुरावा दडवणारा, पुरावाच नसलेल्यांच्या गर्दीत मिसळून जातो.

‘खर्च किरकोळ आहे.’ पाटलीसाठी असेल. शुल्क नगावर आहे, वजनावर नाही. शिवाय माल परगावच्या केंद्रात नेण्या-आणण्याची जोखीम वेगळीच.

‘गिऱ्हाईक शिक्का मागेलच.’ आमच्या घरी तीन पिढ्या एकच सोनार. त्याच्याकडे शिक्का मागायचा म्हटलं असतं, तर आजीनेच आम्हाला दटावलं असतं. मोडीला गेलं की ‘आपलाच माल’ म्हणून तो पूर्ण भाव देई, दुसरा घट धरी. म्हणून दुसऱ्याकडे कुणी जातच नसे. सोन्याची खरी परीक्षा झालीच नाही.

आता सक्तीच्या जिल्ह्यात शिक्का नसलेला दागिना दिसला, की माणूस निदान विचारतो. १ एप्रिल २०२३पासून एचयूआयडीशिवाय, म्हणजे त्या नगाच्या सहा अंक-अक्षरांच्या स्वतंत्र ओळख-क्रमांकाशिवाय, हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर पडताळता येतो. म्हणजे गप्प बसण्याला अर्थ आला तो सक्तीमुळे. दावा नेमका उलटा निघाला.

दोन ग्रॅमच्या आतल्या नगांना मात्र सूट आहे. बाळाचे कान टोचताना घालायच्या बाळ्या आजही सोनार सांगेल तितक्याच शुद्ध.