भाकरीवरच्या काळ्या डागाला कसे भ्यावे

रविवारी सकाळी नाशिकच्या गंगापूर रस्त्यावरील एखाद्या मळ्यात चुलीवरची मिसळ आणि बाजरीची भाकरी खावयास गेल्यावर, ताट समोर येताच आपण भाकरीवरील काळे डाग मोजावेत आणि शेजारच्या टेबलापर्यंत पोहोचेल अशा आवाजात ‘ॲक्रिलामाइड’ असे म्हणावे. धान्यातील किंवा बटाट्यातील ॲस्पॅराजिन नावाचे अमिनो आम्ल आणि साखर 120 अंश सेल्सिअसच्या वर तापली की हे रसायन तयार होते, एवढे सांगितले तरी शेजाऱ्याचा घास हातातच थांबतो.

तेवढ्याने तो न थांबल्यास स्वीडनची हकीकत सांगावी. 1997 साली तेथील एका बोगद्यातील पाण्याची गळती बुजवण्यासाठी वापरलेले ॲक्रिलामाइड ओढ्यात उतरले आणि ते पाणी प्यालेल्या गाई लुळ्या पडल्या. मजुरांचे रक्त तपासताना तुलनेसाठी ज्यांचे रक्त घेतले होते, त्या बोगद्याचे तोंडही न पाहिलेल्या माणसांमध्येही त्याच्या खुणा सापडल्या, आणि त्यांचा माग काढत संशोधक 2002 मध्ये तळलेल्या बटाट्यापाशी येऊन पोहोचले. हकीकत येथेच थांबवावी. प्रयोगशाळेत ज्या प्राण्यांना या रसायनाने कर्करोग झाला त्यांना दिलेली मात्रा आपल्या ताटातील मात्रेच्या कितीतरी पट होती आणि माणसांच्या आहाराच्या अभ्यासांत कर्करोगाशी ठाम संबंध दिसलेला नाही, हे सांगितल्यास रंगाचा बेरंग होतो.

घरी मात्र आपण बटाटे फ्रिजमध्येच ठेवावेत. थंडीत त्यांतील पिष्टाची साखर होते आणि काप तळताना ॲक्रिलामाइड अधिक तयार होते, ही गोष्ट खरी. पण टोपलीतले बटाटे पाहुण्यांना दिसतात, त्याचे काय? काप तळण्यापूर्वी अर्धा तास पाण्यात भिजवणे हा उपाय फुकटचा असल्यामुळे विचारात घेऊ नये. (कोळशावर चरबी ठिबकवत भाजलेल्या कबाबांविषयी येथे बोलणे नको, ते शनिवारी रात्री झालेले असतात.)

जेवण झाल्यावर बाहेर येऊन सिगारेट पेटवावी. धूम्रपान करणाऱ्याच्या रक्तात ॲक्रिलामाइडच्या खुणा इतरांपेक्षा तीन ते पाच पट असतात. परंतु तो धूर आपल्या पैशाचा असल्याने त्याला डागासारखे खरडता येत नाही.

आता चूल उरली. घरगुती लाकूडफाट्याच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ‘बहुधा कर्ककारक’ अशा ज्या गटात ठेवले आहे, त्याच गटात तिने 1994 साली ॲक्रिलामाइडही ठेवले. तुमच्या वाट्याला त्यातला आठवड्याचा एक डाग येतो. चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणाऱ्या मावशींच्या वाट्याला सकाळपासूनचा धूर. त्यांना ‘मावशी, जरा कमी भाजा, तब्येतीला वाईट असते’ असे आपुलकीने सांगावे, आणि मग फोटोसाठी चुलीत आणखी एक ओलसर लाकूड सारायला लावावे, कारण मघाच्या फोटोत धूर नीट आलेला नसतो.